बाबांच्या जिभेसाठी लढाई

बाबांना मुका आत्मा लागला आहे असं हेडबाईंनी ठरवलं तेव्हा बाबा सोफ्याखाली होते.

एका गिऱ्हाइकाच्या भल्यामोठ्या सोफ्याच्या पोटात डोकं घालून, उताणे पडून, ते जुने पट्टे कुठे तुटलेत ते बघत होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. हेडबाई त्या पायांकडे रोखून बघत मला म्हणाल्या, "तोंड उघडतात की नाही?"

"जेवायला उघडतात," मी म्हटलं.

"जेवायला सैतानही उघडतो. बोलतात का?"

"नाही."

"देवाशी?"

"ते मला कसं कळणार?"

"कळतं," हेडबाई म्हणाल्या. "मुका आत्मा आहे. शास्त्रात आहे तसला. बांधावा लागेल." आणि त्या वाकून सोफ्याखाली ओरडल्या, "घाबरू नका हं भाऊ! तुम्हाला नाही, त्याला बांधायचंय!"

पाय जरासे आत सरकले.

हेडबाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, म्हणजे शाळेच्या मते निवृत्त झाल्या होत्या. आमच्या चर्चच्या मंडळीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. नवे पाळकसुद्धा. मंडळीचा प्रार्थनागट त्याच चालवायच्या आणि सैतानाशी त्या ज्या आवाजात बोलायच्या त्यावरून वाटायचं की तोही कधीतरी त्यांच्याच वर्गात नापास झालेला असावा. "उभा राहा! माझ्याकडे बघ! कोणाला विचारून आत आलास?" असं त्या डोळे मिटून म्हणू लागल्या की गटातल्या मोठमोठ्या बायका आपोआप पाठीचा कणा ताठ करून बसायच्या.

बाबांच्या न बोलण्याबद्दल मात्र त्यांचं निरीक्षण चुकलेलं नव्हतं. आईला पुरून आल्यापासून बाबा एक शब्द बोलले नव्हते.

बाबांचा धंदा सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवण्याचा. घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. ते जुन्या पद्धतीने काम करायचे, म्हणजे मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक खिळा फिरवून त्याचं डोकं ओठांत आणायचं, लोहचुंबकाच्या हातोडीने तो तिथून उचलायचा आणि ठक. दुसरा हात कापड ताणून धरायला मोकळा. बाकी सगळे कारागीर कधीच स्टेपल मारणाऱ्या बंदुकीवर गेले होते. बाबांकडेही ती होती, पण त्यांनी तिचा उपयोग दार अडवून ठेवायला केला होता.

तर काम चालू असताना ते गप्पच असायचे. हे आम्हाला सवयीचं होतं. आई म्हणायची, "तुझ्या बाबांशी भांडायचं तर जेवणाच्या वेळी भांडावं लागतं, एरवी ते सशस्त्र असतात." पण आई गेल्यावर त्यांनी काम नसतानाही खिळे तोंडात ठेवायला सुरुवात केली. कोपऱ्यावर दूध आणायला जाताना, पायरीवर बसताना. कोणी "कसं चाललंय?" म्हटलं की ते गालाकडे बोट दाखवायचे, माफी मागितल्यासारखं. तोंडात खिळे असलेल्या माणसाला कोण बोलायला लावणार? रविवारी उपासनेतही ते खिळे घेऊनच बसले. प्रभुभोजनाच्या वेळी त्यांनी ते रुमालात काढून ठेवले आणि जागेवर परत आल्यावर नीट पुसून पुन्हा तोंडात टाकले. हेडबाईंनी हे पाहिलं होतं.

मी दुसऱ्या गावी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. आईच्या शेवटच्या दिवसांसाठी घेतलेली रजा संपत आली होती. जाण्याआधी बाबांचा आवाज ऐकू यावा, एवढंच मला हवं होतं. काय बोलावं याची अट नव्हती. शिवी चालली असती. पण या माणसाला असाच मुका सोडून मी गाडीत बसू शकणार नाही हे मला कळत होतं. हेडबाईंना मी नको म्हटलं नाही, ते त्यामुळेच.

नको म्हणायला कारणं होती.

आईच्या आजारपणात प्रार्थनागटाने आमच्या घराला छावणी केलं होतं. हेडबाईंचा नियम एकच होता. तोंडातून जे निघतं ते शत्रू उचलतो. तेव्हा या घरात आजार, वेदना, मरण, यातला एकही शब्द उच्चारायचा नाही. "बरं नाही" म्हणायचं नाही. "काळजी" म्हणायचं नाही. "कसं आहे?" असं कोणी विचारलं तर उत्तर एकच, "विजय आहे." हेडबाईंनी दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनाही हा नियम समजावून सांगितला. डॉक्टर म्हणाले, "मग मी रिपोर्ट वाचू कसा?" हेडबाई म्हणाल्या, "मनात वाचा."

आईने हे सगळं फार समजूतदारपणे घेतलं. कुशीवर वळताना ती मला म्हणायची, "जरा उशी सरकव गं. आज विजय बरगड्यांखाली फार दुखतोय." किंवा, "काल रात्रभर विजयाने झोपू दिलं नाही." हेडबाई समोर असल्या की हसू दाबताना तिला खोकला यायचा, आणि त्या खोकल्यालाही दुसरं काहीतरी नाव द्यावं लागायचं.

बाबा मात्र गटातले सगळ्यांत कडक शिपाई निघाले. त्यांनी नियम जसाच्या तसा पाळला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "वहिनी कशा आहेत?" बाबा म्हणाले, "विजयी." त्या भल्या माणसाला वाटलं ती निवडणुकीला उभी आहे. तो म्हणाला, "वा! मतमोजणी कधी?"

मग एका सकाळी आई गेली. मी स्वयंपाकघरात होते. त्याबद्दल एवढंच.

हेडबाईंनी मोहीम आखली. बाबांची जीभ सुटेपर्यंत गटाने दुपारचं जेवण सोडायचं आणि मग एका दुपारी सगळ्यांनी मिळून घरी जाऊन चढाई करायची. गटात तशा बऱ्याच बायका होत्या, पण एकीला बाळंतपणासाठी मुलीकडे जावं लागलं, एकीला उपासाने पित्त झालं, आणि शेवटी उरल्या हेडबाई, बेकरीवाल्या मावशी आणि पाळकसाहेब. मावशींच्या उपासाला खरं तर पदक द्यायला हवं होतं. पाव भट्टीतून निघत असताना त्या समोर उभ्या राहून उपास करत होत्या. "बाळा," त्या मला म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग लवकर बोला. काल मी एका गिऱ्हाइकाच्या पिशवीतल्या केकला 'प्रिय' म्हणाले."

पाळकसाहेब तरुण होते आणि त्यांना ही योजना पटलेली नव्हती. दारात चपला काढताना ते मला हळूच म्हणाले, "ताई, मला वाटतं त्यांना नुसतं दुःख झालंय."

"मग तसं सांगा ना हेडबाईंना."

त्यांनी आत नजर टाकली. "तुम्ही सांगा," ते म्हणाले. हेडबाईंसमोर त्यांचा आवाज अजूनही पाचवीतला व्हायचा.

पहिली अडचण बसण्याची आली. आमच्या घरात खुर्च्या पुष्कळ, पण सगळ्या लोकांच्या आणि सगळ्या उघड्या. त्या आठवड्यात एका दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या आल्या होत्या. काहींचे नुसते सांगाडे होते, काहींच्या स्प्रिंगा वर आलेल्या. पाळकसाहेब एका सांगाड्यात बसले ते थेट आत गेले आणि गुडघे हनुवटीला लावून तसेच राहिले. हेडबाई स्प्रिंगांवर बसल्या. त्या ताठ बसल्या होत्या, पण प्रत्येक वाक्यागणिक किंचित वर-खाली होत होत्या.

बाबा सोफ्याच्या पाठीला कापड लावत होते. "भाऊ, हातोडी खाली ठेवा," हेडबाई म्हणाल्या. बाबांनी ताणलेल्या कापडाकडे बोट दाखवलं. म्हणजे, आता सोडलं तर झोळ येईल. हेडबाईंना शिस्तीच्या कामाबद्दल आदर होता. "बरं. तुम्ही तुमचं चालू ठेवा. आम्ही आमचं."

आणि चढाई सुरू झाली.

"आम्ही शिरस्त्राण घालतो!" हेडबाई म्हणाल्या.

ठक, बाबांची हातोडी.

"ढाल उचलतो!"

ठक.

"आणि या घरातल्या मुक्या आत्म्याला आज्ञा करतो!"

ठक. ठक.

थोड्या वेळाने त्यांचा असा काही ताल जमला की शेजारच्या घरात कोणाला तरी वाटलं असेल, इथे भजनाची तालीम चालू आहे. हेडबाईंचा आवाज चढत गेला. "मुक्या! ऐकू येतंय ना? नीघ! आत्ताच्या आत्ता नीघ! दंगा नको, ढकलाढकली नको, एका रांगेत बाहेर!" शेवटचं बहुधा सवयीने आलं. सांगाड्यातून पाळकसाहेब क्षीण आवाजात "होय प्रभू" म्हणाले. मी दाराशी उभी होते. हसावं की नाही हे ठरत नव्हतं, कारण त्या सगळ्या गोंधळात बाबांची मान खाली खाली जात होती आणि माझं लक्ष त्या मानेकडे होतं.

इतका वेळ मावशी शांत होत्या. उपासाने असेल, त्यांना जरा डुलकीही लागली असावी. त्या एकदम जाग्या झाल्या, आपण मागे पडलो असं वाटून त्यांनी बाबांच्या अगदी पाठीमागे दोन्ही तळहात फाडकन एकमेकांवर आपटले आणि भट्टीच्या आवाजावर मात करायची सवय झालेल्या गळ्याने ओरडल्या, "हालेलुया!"

बाबांनी आवंढा गिळला.

हातोडी थांबली. बाबा सावकाश वळले. तोंडातले खिळे त्यांनी तळहातावर काढले, बोटाने बाजूला सारत पाहिले, मग आमच्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं.

"एकच!" हेडबाई स्प्रिंगांवरून उसळून उभ्या राहिल्या. "भाऊंनी साक्ष दिली! एकच देव! एकच तारणारा!"

बाबांनी मान हलवली. तेच बोट गळ्यावर ठेवलं आणि छातीवरून पोटापर्यंत खाली ओढत नेलं.

"वरून खाली," पाळकसाहेब सांगाड्यात धडपडत म्हणाले. "पवित्र आत्मा उतरतोय का?"

"खिळा उतरतोय!" मी ओरडले.

मावशींच्या पावाच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. मागे बाबा, पाळकसाहेब आणि मी, आजूबाजूला ताजे पाव, आणि पुढे मावशी हुंदके देत गाडी चालवत होत्या. "मी मारलं त्यांना," त्या म्हणत होत्या. शेजारच्या हेडबाई म्हणाल्या, "तो शब्द उच्चारू नका." बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांतली पहिलीच काहीशी कुतूहलाची छटा होती.

फोटो काढला. पडद्यावर बाबांच्या फासळ्या धुरकट दिसत होत्या आणि खाली, जरा डावीकडे, एक खिळा, इतका ठसठशीत की कोणीतरी कॅलेंडर टांगायला मारला असावा.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "आजोबा, हे झालं कसं?"

बाबा गप्प.

"आम्ही प्रार्थना करत होतो," हेडबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई पेन धरून थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी कागदावर लिहिलं, "काम करताना."

त्यांनी समजावून सांगितलं की खिळा जठराच्या पुढे गेलाय, दुर्बिणीने काढण्यासारखा राहिलेला नाही. बारीक आहे, बहुतेक वेळा असा खिळा आपल्या वाटेने निघून जातो. नेहमीचं जेवण द्या, पुन्हा फोटो काढू. पोटात दुखलं, ताप आला, तर धावत या, मग पोट उघडावं लागेल. "आणि रोज लक्ष ठेवायचं. बाहेर पडला का ते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेब छताकडे बघत होते.

"आणि तोंडात खिळे धरणं बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशींनी त्याच संध्याकाळी घरातले खिळ्यांचे सगळे डबे उचलून बेकरीत नेऊन ठेवले. उपास तर मोडलाच. जी माणसं बाबांच्या जिभेसाठी जेवण सोडून बसली होती, ती आता बाबांच्या आतड्यांसाठी जेवण घेऊन रांगेने येऊ लागली. पित्त झालेल्या बाईही आल्या. बाबा सगळ्यांचं निमूट खात होते.

पण बोलत नव्हते. आता तोंड रिकामं होतं, गालाकडे बोट दाखवायची सोय राहिली नव्हती, तरी नाही. कोणी काही विचारलं की ते त्या माणसाकडे नुसतं बघायचे, आणि ते बघणं खिळ्यांपेक्षा वाईट होतं. मला वाटत होतं की खिळे काढले की मागे आवाज असेलच. आता पहिल्यांदा भीती वाटली की कदाचित नसेल.

रविवारी पाळकसाहेबांवर प्रार्थनेची विनंती जाहीर करायची वेळ आली. खिळा म्हणायला हेडबाईंची बंदी होती आणि बाकीचं म्हणायला सभ्यतेची. ते बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "आपल्या एका वडीलधाऱ्या भावांच्या अंतर्यामी एक गोष्ट अडकलेली आहे. ती योग्य वेळी, योग्य मार्गाने, आणि शांततेत बाहेर यावी यासाठी आपण एकचित्ताने प्रार्थना करू या." सगळ्या मंडळीने इतक्या मनापासून आमेन म्हटलं की बाकं हलली. सगळ्यांना सगळं माहीत होतं. माझ्या शेजारी बाबा बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की रडतायत, ते मला कळलं नाही. मी त्यांच्या हाताला हात लावला. तो त्यांनी काढून घेतला नाही.

हेडबाई रोज येत. त्या काही बोलून दाखवणाऱ्या नव्हत्या, पण त्या घाबरल्या होत्या. दातांच्या डॉक्टरांच्या एका सांगाड्यावर फळी टाकून त्या बाबांसमोर बसायच्या आणि त्यांच्या पोटाकडे टक लावून बघायच्या. पोट दुखतं का, असं त्या विचारू शकत नव्हत्या, कारण तो शब्द चालत नव्हता. त्या म्हणायच्या, "पोटात आनंद आहे ना, भाऊ?"

मग एका दुपारी, मी आत चहा टाकत असताना, त्यांचा आवाज चढलेला ऐकू आला. मी दारात आले. त्या फळीवरून उठून उभ्या होत्या, हात बाबांच्या पोटाच्या दिशेने पसरलेला, डोळे घट्ट मिटलेले.

"मी घोषित करते," त्या म्हणत होत्या, "की या पोटात काही नाही! फोटो खोटा आहे! डोळ्यांना दिसतं ते खोटं आहे! खिळा नाही! कधी नव्हताच! विश्वासाने म्हणते, खिळा नाही..."

"आहे," बाबा म्हणाले.

आवाज गंजलेला होता. पहिल्यांदा मला तो बाबांचा वाटलाच नाही. हेडबाईंनी डोळे उघडले.

"आहे, बाई," बाबा पुन्हा म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "खिळा आहे. मी गिळलाय. फोटोत दिसलाय. नाही नाही म्हणून तो विरघळणार नाही, लोखंडाचा आहे."

"भाऊ, तुम्ही बोललात!"

"बोललो. आता जरा ऐका. तिच्या वेळीही होतं. जे होतं ते होतंच. आपण नाही म्हणत बसलो."

हेडबाई काही म्हणणार होत्या, पण बाबांनी तळहात वर केला. हेडबाईंना कोणी असा तळहात दाखवलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"तिला सगळं कळलं होतं," ते म्हणाले. "शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, 'अहो, इकडे बसा. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, मी गेल्यावर...' एवढंच म्हणाली. आणि मी काय केलं? मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, 'शू. तो ऐकेल.'" बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "पुन्हा एकदा म्हणाली. पुन्हा हात ठेवला. मग ती माझ्या हाताचा मुका घेऊन गप्प झाली. ती काय सांगणार होती, मला माहीत नाही. आता कोणालाच माहीत नाही. तिला बोलू दिलं नाही आणि आता मी कोणत्या तोंडाने बोलू?"

आत चहा उकळत होता. मी हलले नाही.

"आपण शत्रूकडे तोंड करून ढाली धरून उभे होतो, बाई," बाबा म्हणाले. "चांगले तयारीने उभे होतो. पण ती आपल्या मागे होती. तिच्याकडे आपली पाठ होती."

हेडबाई फळीवर बसल्या. एरवी त्या बसल्या तरी उभ्या असल्यासारख्या दिसायच्या. या वेळी खरंच बसल्या. त्या काहीतरी मोठं उत्तर देतील, वचन म्हणतील, या तयारीत मी होते. मला रागही येत होता आणि तो राग वापरायची संधी मिळावी असं वाटत होतं.

"माझ्या मिस्टरांच्या वेळी मी बोलले होते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता. "त्यांना फार त्रास होता. मी त्यांच्या कानात म्हटलं, 'जा आता. माझी काळजी करू नका, जा तुम्ही.' आणि भाऊ, ते गेले हो. मी पाणी आणायला उठले तेवढ्यात. मी म्हटलं आणि ते गेले." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "मला वाटलं, मीच दार उघडलं. मग ठरवलं, पुन्हा कोणाच्या घरात तो शब्द निघू द्यायचा नाही."

आम्हाला हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्या मंडळीला वाटायचं की बाईंच्या नवऱ्यालाही त्यांची परवानगी घेऊनच जावं लागलं असेल. असा एक विनोदही होता. तो बरोबर होता, इतकंच.

"वेड्या आहात का?" बाबा म्हणाले. "माणूस एवढं ऐकायलाच थांबतो कधी कधी. तुम्ही म्हणालात म्हणून ते सुखाने गेले. मी तिला तेवढंही म्हटलं नाही." आणि मग, "तुमच्या मिस्टरांचं भाग्य थोर. त्यांची बायको त्यांच्याशी बोलली."

हेडबाई रडू लागल्या. फार आवाज करत नव्हत्या, पण फळी करकरत होती.

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी आत जाऊन गॅस बारीक केला आणि परत आले, तर बाबा गुडघे टेकायच्या खटपटीत होते. सोफ्याच्या कडेला धरून ते खाली बसले. "या," ते म्हणाले. "तूही ये, पोरी. बाई, डोळे मिटा. आज मी करतो."

माझ्या जन्मापासून बाबांनी कधी मोठ्याने प्रार्थना केलेली मी ऐकली नव्हती. ते खातं आईकडे होतं. मी त्यांच्या बाजूला गुडघे टेकले. हेडबाई दुसऱ्या बाजूला, उघड्या फरशीवर.

"देवा," बाबा म्हणाले, आणि थांबले. मग पहिल्यांदाच फोनवर बोलणाऱ्या माणसासारखं त्यांनी सांगून टाकलं, "मी सोफ्यावाला बोलतोय.

"ती गेली, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं नव्हतं अजून, म्हणून म्हणतो. ती गेली. तिला कॅन्सर होता. फार दुखत होतं तिला. मला तुझा राग आलाय. तो आहे तसा ठेवतो तुझ्यासमोर, नाही म्हणत नाही. पोटात एक खिळा आहे, तोही आहे. तो काढशील तर बरं. नाही काढलास तर पोट उघडतील म्हणतात. मला भीती वाटते. बाईंचे मिस्टर गेले, त्यांनाही फार आठवण येते, त्या सांगत नाहीत, त्यांच्या वतीने मी सांगतो. आणि शत्रू हे सगळं ऐकत असेल, तर ऐकू दे त्याला. त्याला काय नवीन आहे? इतके दिवस आपण कुजबुजलो नाही म्हणून काही तो उपाशी राहिला नाही."

त्यांनी श्वास घेतला. हेडबाईंना वाटलं झालं. त्यांनी ओल्या आवाजात म्हटलं, "आमे..."

"थांबा बाई," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "माझं व्हायचंय."

खिळ्याचं सांगून टाकते, म्हणजे तिकडे कोणाचा जीव अडकायला नको. तो पुढे एका सकाळी विनातक्रार निघाला आणि पाळकसाहेबांनी त्याबद्दल उपकारस्तुती करताना पुन्हा 'ती गोष्ट' असंच म्हटलं. पण त्या दुपारी तो आतच होता, आणि बाबा बोलत होते.

"तिला विचार, तिला काय सांगायचं होतं," ते म्हणत होते. "तुझ्याजवळ आहे ती. मला लगेच नाही कळलं तरी चालेल. पण तिला तिथे कोणी शू करू नये म्हणावं. आणि माझं तिला सांगायचं राहिलंय ते मी तुझ्यापाशी देतो. नीट सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या उस्तादाचं दुकान, तिथे आपल्या वडिलांची मोडकी आरामखुर्ची घेऊन आलेली एक मुलगी, तिने दाम कमी करायला लावले तेव्हाची तिची हनुवटी. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मधेच ते थांबून एखादी गोष्ट दुरुस्त करायचे, "नाही, निळी नव्हती, हिरवी होती," जणू देवाची नोंद चुकायला नको. मी डोळे मिटून ऐकत होते. नाक पुसायला रुमाल नव्हता म्हणून सोफ्याच्या कापडाचा उरलेला तुकडा घेतला. तो चांगल्या प्रतीचा निघाला.

हेडबाईंनी गटात कित्येक वर्षं लोकांना लांब प्रार्थना करायला शिकवलं होतं. आता त्यांचे गुडघे फरशीवर या बाजूवरून त्या बाजूला भार बदलत होते, ते मला ऐकू येत होतं. त्यांनी आणखी एकदा, फार हळू, "आमे..." म्हणून पाहिलं. बाबांनी नुसता हात त्यांच्या हातावर ठेवला आणि पुढे बोलत राहिले.

मी एक डोळा उघडला. दारात बेकरीवाल्या मावशी पाव घेऊन उभ्या होत्या. केव्हा आल्या कोण जाणे. बाबांचा आवाज ऐकून त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि आतून वर येणारी ती आरोळी पुन्हा कोणाच्या घशात काही उतरवेल या भीतीने त्यांनी ते मोकळ्या हाताने घट्ट दाबून धरलं होतं. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

चहा आटला असणार. कोणी उठलं नाही. बाबा अजून लग्नापर्यंतसुद्धा पोचले नव्हते.